कासची सीतेची आसवं ओळखायची कशी?

कराडच्या एका शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी सप्टेंबरात सातवीची मुलं कासला नेली होती. आल्यावर त्यांनी चार गोष्टी विचारल्या आहेत. पठारावर जांभळी फुलं पसरली होती त्यांनाही वाटाड्यानं 'सीतेची आसवं' म्हटलं आणि पुढं ओहोळाकाठच्या गर्द निळ्या फुलांनाही तेच, तर ही एकच जात की दोन? दुसरं, ही वनस्पती कीटक खाते असं सगळे सांगतात, पण मुलांनी इतकी फुलं वाकून पाहिली, एकातही अडकलेला किडा दिसला नाही. तिसरं, पाण्यानं उपटून आलेलं एक रोप एका मुलानं उचललं तर त्याला मुळंच नव्हती, ती तुटली असतील का? आणि चौथं, जुन्या ग्रंथातली शास्त्रीय नावं नव्या यादीत सापडत नाहीत, ती गेली कुठं?

बाई, आधी त्या मुलाला सांगा की मुळं तुटली नाहीत, ती मुळात नव्हतीच. तुमच्या चारही प्रश्नांत मला त्याचं निरीक्षण सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण या वनस्पतीचं सगळं वेगळेपण तिथूनच सुरू होतं.

शास्त्रात या गटाला युट्रिक्युलॅरिया म्हणतात. ही प्रजाती, म्हणजे अनेक जातींचं मिळून एक घराणं. जगभरात तिच्या २४० च्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या एकीलाही खरं मूळ नसतं. बी रुजताना इतर झाडांत सर्वांत आधी जे मूळ बाहेर पडतं, तेसुद्धा इथं येत नाही. चिखलात जे पांढुरके केसासारखे धागे सापडतात ती धावती खोडं. फुलाच्या दांड्याच्या बुडाशी थोडे जाडसर धागे फुटतात आणि दांड्याला चिखलात धरून ठेवतात. काम मुळाचं करतात, पण टोकाला मुळाची टोपी नाही, आतली रचनाही मुळाची नाही.

पानांचीही तीच गत. सड्यावरच्या, म्हणजे कासासारख्या उघड्या कातळाच्या पठारावरच्या, जातींत जमिनीलगत छोटी हिरवी पट्टी असते, तीही दांड्यावरून न निघता त्या धाग्यावरूनच निघते आणि फुलं येईपर्यंत बहुतेक वेळा नाहीशी झालेली असते. मुलांना नुसती दांडी आणि फुलं दिसली असणार ती यामुळे. पाण्यात तरंगणाऱ्या जातींत तर खोड कुठं संपलं आणि पान कुठं सुरू झालं याचा पत्ताच लागत नाही. स्वित्झर्लंडचे रोल्फ रुटिशाउझर यांनी अशा वनस्पतींच्या वाढीचा बारकाईनं अभ्यास केला आहे. मूळ, खोड आणि पान या तीन कप्प्यांच्या भिंती इथं पक्क्या धरू नयेत, असं त्यांच्या कामाचं सार आहे. तुम्हाला वर्गात 'वनस्पतीचे भाग' शिकवायचे असतात हे मला ठाऊक आहे. तरी त्या मुलाचं रोप फळ्याशेजारी आणून दाखवण्याजोगं आहे असं माझं मत. अपवाद पाहिला की मुलांना नियम जास्त नीट कळतो.

आता किड्याचं. मुलांनी फुलं पाहिली, आणि फुलाचा शिकारीशी काडीचा संबंध नाही. शिकार चिखलाच्या आत चालते. त्या पांढुरक्या धाग्यांवर बारीक बारीक पिशव्या असतात, आपल्या सड्यावरच्या जातींत एक-दीड मिलिमीटरच्या आतल्याच. रोप अलगद पाण्यात धुऊन भिंगाखाली धरलं तर त्या दिसतात. मातीचे कण समजून आपण त्या धुऊन टाकतो, इतक्या त्या लहान. भिंगाशिवाय कुणी 'मला सापळे दिसले' म्हणालं तर मी जरा संशयानंच बघतो.

पिशवीची भिंत दोनच पेशींच्या जाडीची, आणि तोंडाशी आत उघडणारं एक दार. पिशवीतल्या ग्रंथी आतलं पाणी सतत बाहेर टाकत राहतात. त्यामुळं आतला दाब कमी होतो आणि भिंती आत ओढल्या जातात. औषधाच्या ड्रॉपरचा रबरी फुगा दाबून तो पाण्यात धरावा, तशी ती पिशवी दाबलेल्या अवस्थेत थांबलेली असते. दारावरच्या केसांना एखाद्या सूक्ष्म जीवाचा धक्का लागला की दार आत कलंडतं, पिशवी फुगते आणि पाण्याबरोबर तो जीव आत खेचला जातो. दार पुन्हा बंद. अतिवेगवान कॅमेरे लावून २०११ मध्ये याची मोजणी प्रसिद्ध झाली. हे सगळं एक मिलिसेकंदाच्याही आत उरकतं, आणि आत शिरणाऱ्या पाण्याचा प्रवेग गुरुत्वाच्या ६०० पटींपर्यंत जातो. मग साधारण पाऊण तासाच्या आतच पिशवी पाणी उपसून पुन्हा सज्ज होते. आतल्या चार हातांच्या ग्रंथी शिकारीतला रस शोषून घेतात.

चार्ल्स डार्विननं १८७५ मध्ये कीटकभक्षी वनस्पतींवर लिहिताना या पिशव्यांचा अभ्यास केला होता. प्राणी स्वतःच डोकं खुपसून दार ढकलतो आणि आत अडकतो, अशी त्याची समजूत झाली. त्याच काळात अमेरिकेत न्यू जर्सीच्या मेरी ट्रीट या बाई सूक्ष्मदर्शकाखाली या पिशव्यांवर तासन्‌तास नजर ठेवून होत्या. त्यांचा डार्विनशी पत्रव्यवहारही होता. प्राणी ढकलत नाही, ओढला जातो, हे नक्की व्हायला विसावं शतक उजाडलं.

'कीटकभक्षी' म्हटलं की मुलांच्या डोळ्यासमोर माशी येते. सड्यावरच्या जातींच्या पिशवीत माशी मावणारच नाही. त्यांचं खाणं म्हणजे ओल्या मातीतल्या पाण्यात पोहणारे एकपेशीय जीव आणि सूक्ष्म कृमी. तळ्यात तरंगणाऱ्या जातींच्या पिशव्या मोठ्या, त्यांत पाणपिसवा, म्हणजे पाण्यात उड्या मारत पोहणारे बारीक जीव, आणि कधी डासांच्या कोवळ्या अळ्याही सापडतात. मुलांना माशी चिकटलेलीच दाखवायची असेल तर त्याच सड्यावर दवबिंदू, म्हणजे ड्रोसेरा, शोधा. पानांवर चिकट थेंब असलेली ती वेगळ्या कुळातली वनस्पती. दोघींना कीटकभक्षी म्हणतात एवढंच साम्य, नात्यानं त्या एकमेकींच्या कोणी नाहीत.

एवढा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न पुढं येणारच. कासचं पठार साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंच. खाली काळा पाषाण, वर जांभ्याचा थर आणि त्यावर कुठं चार बोटं, कुठं तेवढीही माती नाही. जून ते सप्टेंबर पाऊस त्या मातीतली पोषक द्रव्यं धुऊन नेतो. शिल्लक फॉस्फरस असतो तो जांभ्यातलं लोह धरून ठेवतं. म्हणजे पाणी मुबलक, ऊन बऱ्यापैकी आणि अन्नद्रव्यांची मात्र उपासमार. अशा जागी मुळं वाढवण्यात फायदा नाही, कारण मुळांना मिळण्यासारखं खाली काही नाहीच. ही वनस्पती नायट्रोजन आणि फॉस्फरस पाण्यातल्या जीवांकडून घेते. म्हणूनच पोयटा घातलेल्या बागेत ही रोपं तगत नाहीत. कासचं रोप कुंडीत आणून लावू का, असं कुणी पालक विचारत असतील तर उत्तर नाही असंच द्या. ते राखीव वनक्षेत्र आहे आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांपैकी एक आहे. तिथून फूल तोडणं हा गुन्हा आहेच, शिवाय रोप घरी चार दिवसही टिकायचं नाही.

फुलाचं काम वेगळं. जमिनीपासून वीतभर वर उचललेलं दोन ओठांचं फूल, खालच्या ओठावर फुगीर उंचवटा, मागं मध साठवणारी शुंडिका, म्हणजे छोटी सोंड. खाली ज्यांना खायचं त्यांच्या वाटेत हे फूल येत नाही आणि वर ज्यांना बोलवायचं त्या मधमाश्या सापळ्यांपासून लांब राहतात. पश्चिम घाटातल्या अल्बोसेरुलिया, पर्प्युरासेन्स आणि रेटिक्युलाटा या तीन जातींच्या परागीभवनावर २००६ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला आहे. या फुलांना भेट देणाऱ्यांत मधमाश्या महत्त्वाच्या, आणि कोणी आलंच नाही तरी ही फुलं स्वतःच्या परागांवर बी धरू शकतात. पावसाळी पठारावर हे शहाणपणाचंच, कारण चार दिवस झड लागली तर माशी बाहेर पडत नाही.

आता कुळ. तीळ, तुळस, अडुळसा आणि आपली सह्याद्रीची कारवी हे सगळे लॅमिएलीस या एकाच गणातले, आणि युट्रिक्युलॅरियाही त्यातच. दोन ओठांचं फूल हा त्या गणाचा घरगुती चेहरा. पण युट्रिक्युलॅरियाचं लेंटिब्युलॅरिएसी हे कुळ दोन खुणांनी वेगळं पडतं. पुंकेसर दोनच, आणि बोंडात बिया मधल्या एका मोकळ्या खांबावर लागलेल्या. या कुळात तीनच प्रजाती आहेत आणि तिन्ही शिकारी. पिंग्विक्युला चिकट पानांवर शिकार धरते. तिची एक जात आपल्याकडं हिमालयात आहे. जेनलिसिया जमिनीखालच्या पिळदार नळ्यांत धरते, ती आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत मिळते, भारतात नाही. तिसरी आपली पिशवीवाली. त्या दोघींना पाच निदलं, म्हणजे पाकळ्यांखालची हिरवट दलं, हिला बहुधा दोनच. सड्यावर गुडघे टेकून निदलं मोजली की प्रजातीचं नाव पक्कं होतं, त्याला सूक्ष्मदर्शक लागत नाही.

प्रजातीच्या आतलं वर्गीकरण मात्र गुंतागुंतीचं आहे आणि त्याला कारण वर सांगितलं तेच. मूळ, खोड, पान यांवरून गट पाडायची सवय असलेल्या अभ्यासकांच्या हाती इथं तीनही गोष्टी लागत नाहीत. लिनियसनं १७५३ मध्ये प्रजाती मांडली तेव्हा हाताशी जाती थोड्या होत्या. पुढं जगभरातून नमुने येत गेले आणि प्रत्येक वेगळेपणाला वेगळी प्रजाती करण्याची हौस वाढली. १९१६ मध्ये अमेरिकेतल्या जॉन बार्नहार्टनं तर हिचे बरेच तुकडे केले. लंडनच्या केव वनस्पती उद्यानातल्या पीटर टेलर यांनी पुढं आयुष्याची कित्येक वर्षं या एकाच प्रजातीला दिली. १९८९ च्या त्यांच्या कामात २१४ जाती ठरल्या, त्यांचे ३५ विभाग झाले आणि सगळं पुन्हा एका प्रजातीखाली आलं. आजही कुणी या फुलांवर काम करायला घेतलं की सुरुवात टेलरपासूनच होते, आणि ते योग्यच आहे. त्यांनी विभाग पाडताना सापळ्याच्या तोंडाची ठेवण, बिया, छदं (फुलाच्या देठाबुडची चिमुकली पानं) आणि निदलं यांना वजन दिलं. रंगाला जवळजवळ नाहीच.

२००० नंतर डीएनएचे अभ्यास आले. टेलरांचे विभाग बरेचसे टिकले, उपप्रजाती, म्हणजे प्रजातीतले विभागांहून मोठे गट, मात्र दोनाच्या तीन झाल्या. त्यांतली पॉलिपॉम्फोलिक्स मुख्यतः ऑस्ट्रेलियाची, तिच्या काही जातींत निदलं चार असतात. उरलेल्या दोन आपल्या कामाच्या. सड्यावर आणि ओल्या खडकावर उगवणाऱ्या आपल्या निळ्या-जांभळ्या जाती बायव्हाल्व्हारिया उपप्रजातीत येतात, आणि तळ्यात तरंगणाऱ्या पिवळ्या जाती युट्रिक्युलॅरिया उपप्रजातीत. कासचं जांभळं फूल आणि तिथून दहा कोसांवरच्या एखाद्या तळ्यातलं पिवळं फूल यांच्यात इतकं अंतर आहे. मराठीत मात्र 'सीतेची आसवं' हे नाव सड्यावरच्या जातींना सरसकट लावतात. वाटाड्या चुकला नाही, त्यानं घराण्याचं नाव सांगितलं.

जाता जाता एक नवलाची गोष्ट. तरंगणाऱ्या गिब्बा या जातीचा सगळा जनुकसंच २०१३ मध्ये वाचला गेला. तो अवघा ८.२ कोटी अक्षरांचा निघाला, भाताच्या जनुकसंचाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढा. तरी जनुकं २८ हजारांच्या वर. एवढ्या छोट्या संचात इतकी जनुकं मावतात हे तोवर कुणी फारसं धरून चाललं नव्हतं.

मग तुमच्या मुलांनी काय पाहिलं? मोकळ्या सड्यावर गेंद या वनस्पतीच्या पांढऱ्या गोंड्यांशेजारी दाटीनं उगवलेली जांभळी फुलं असतील तर ती बहुधा पर्प्युरासेन्स. तिला हे नाव जॉन ग्रॅहम यांनी १८३९ मध्ये मुंबईच्या वनस्पतींची यादी करताना दिलं. निळ्या फुलांत किमान दोन उमेदवार. अल्बोसेरुलियाच्या निळ्या फुलात खालच्या ओठाच्या बुडाशी मोठा पांढरा डाग असतो. निकोल डाल्झेल या वनाधिकाऱ्यानं १८५१ मध्ये तिचं वर्णन केलं, आणि ती पश्चिम भारताबाहेर मिळत नाही. रेटिक्युलाटाचा दांडा आजूबाजूच्या गवताला वेढे घेत चढतो आणि खालच्या ओठावरच्या फिक्या भागात गडद शिरांचं जाळं असतं. ओहोळाकाठी किंवा भातखाचराच्या बांधावर उंच गवतात निळं फूल लटकलेलं दिसलं तर आधी दांडा बघा. वेढे असतील तर रेटिक्युलाटाचा विचार करा.

एवढ्यावर यादी संपत नाही. प्रीटेरिटा ही फिक्या निळसर फुलांची जात टेलरांनी १९८० च्या दशकात वेगळी ओळखली, तोवर ती दुसऱ्यांच्या नावाखाली दडलेली होती. आर्क्युएटाची शुंडिका लांब आणि कमानीसारखी वाकलेली. ग्रॅमिनिफोलिया आणि युलिजिनोसा या दोघींनी तर भल्याभल्यांना झुलवलं आहे. ग्रॅमिनिफोलियाला हल्ली मत्स्यालयाच्या छंदिष्टांत मोठी मागणी आहे, तळाशी हिरवी हिरवळ करते म्हणून. आणि स्ट्रायाट्युला पाहायची तर सड्यावर फिरू नका. ठोसेघरकडं किंवा महाबळेश्वरच्या घाटात पाणी झिरपणाऱ्या उभ्या कातळावर, शेवाळात, झाडाच्या ओल्या बुंध्यावर ती असते. छोटी गोल पानं, पांढुरकं फूल, मध्ये पिवळा ठिपका, वरचा ओठ जवळजवळ नाहीच. तिची दोन निदलं सारखी नसतात, वरचं मोठं आणि टोकाला खाच पडलेलं. पाण्याबाहेर, चक्क झाडावर राहूनही शेवाळातल्या ओलाव्यात तिचे सापळे चालतात.

रंगावर विसंबू नका असं मी का म्हणतो ते सांगतो. पर्प्युरासेन्सच्याच ताटव्यात फिकी आणि अगदी पांढरी फुलंही असतात. दोन दिवस ऊन पडलं की निळा रंग विटतो. आणि मोबाइलचा कॅमेरा जांभळ्याला हमखास निळं करतो, त्यामुळं नुसत्या समोरून काढलेल्या फोटोवर जात सांगा असं म्हणणाऱ्यांना मी घराण्याच्या नावापलीकडं उत्तर देत नाही. रंग हा पहिला इशारा म्हणून ठीक. निर्णय दुसरीकडं होतो.

तो कुठं, तर आधी निदलांत. आपल्या निळ्या-जांभळ्या जाती ज्या ऑलिगोसिस्टा विभागात येतात, त्यांत फूल गळल्यावर दोन्ही निदलं वाढतात आणि बोंडाला दोन्ही बाजूंनी झाकून घेतात. त्यांचा आकार, टोक, शिरा आणि पृष्ठभाग जातीगणिक बदलतो. त्यामुळं सप्टेंबरअखेर, पर्यटक 'फुलं संपली' म्हणून माघारी वळतात तेव्हा ओळख पटवणाऱ्याचं खरं काम सुरू होतं. मग फुलाच्या देठाबुडचं छद पाहायचं. ते बुडाशी चिकटलंय की मधोमध, हा एक प्रश्न अख्खे विभाग वेगळे करतो. शेजारी दोन छदकं, म्हणजे आणखी लहान छदं, आहेत की नाहीत. देठाला पंख आहेत का, आणि फळ धरल्यावर देठ ताठ राहतो की खाली वळतो. शुंडिका खालच्या ओठापेक्षा लांब की आखूड, सरळ की वाकडी. शेवटी बी. बी धुळीच्या कणाएवढं, पण त्याच्या पृष्ठभागावरची नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली फार बोलकी असते. स्ट्रायाट्युलाच्या बियांना आकड्यांसारखे बारीक काटे असतात, कातळावर आणि सालीवर अडकायला ते कामी येत असणार असा माझा तर्क.

म्हणून फोटो काढायचा तर एकाच रोपाचे चार काढा: फूल समोरून, बाजूनं म्हणजे शुंडिका दिसेल असं, फळावरची निदलं, आणि दांडा बुडापर्यंत. शेजारी पट्टी धरा. हात वहीवर ठेवून दहापट भिंगातून छद पाहा आणि लगेच लिहून ठेवा. जे महाविद्यालयीन विद्यार्थी परवानगी घेऊन राखीव क्षेत्राबाहेर नमुने गोळा करतात त्यांच्यासाठी एक सूचना. ही फुलं नेहमीसारखी कागदात दाबली की पाकळ्यांचा नुसता डाग उरतो. चार फुलं आणि दोन फळं सत्तर टक्के अल्कोहोलच्या बाटलीत वेगळी ठेवा, रंग जागेवरच नोंदवा, आणि उरलेलं रोप पाण्यात तरंगवून खालून कागद सरकवून उचला. असं केलं तर धागे आणि सापळेही शाबूत राहतात. पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या संग्रहातले किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले जुने नमुने पाहिलेत तर बाटलीचं महत्त्व लगेच ध्यानात येईल.

नावांचा प्रश्न सोपा आहे, दिसतो तितका भयंकर नाही. तुम्ही पाहिलेला जुना ग्रंथ बहुधा थिओडोर कुक यांचा, १९०१ ते १९०८ दरम्यान भागाभागांनी निघालेला मुंबई इलाख्याचा वनस्पतिकोश असावा. कुक मूळचे अभियंते, पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य, आणि फावल्या वेळात त्यांनी केलेलं हे काम आपण शंभर वर्षांनंतरही उघडतो. जुन्या ग्रंथांतली ऑर्बिक्युलाटा म्हणजे आजची स्ट्रायाट्युला. फ्लेक्सुओसा म्हणजे ऑरिया. एक्झोलेटा म्हणजे गिब्बा. नियम असा की एकाच जातीला दोघांनी नावं दिली असतील तर आधी रीतसर प्रसिद्ध झालेलं नाव चालतं. ऑरिया १७९० चं आणि फ्लेक्सुओसा १८०४ चं. गिब्बा लिनियसचं, १७५३ चं, एक्झोलेटा १८१० चं. स्ट्रायाट्युला हे नाव जेम्स एडवर्ड स्मिथ यांनी १८१९ मध्ये दिलं, ऑर्बिक्युलाटा त्यानंतरचं. नावं गेली नाहीत, खालच्या ओळीत समानार्थी म्हणून बसली आहेत. यादीचा शेवट चाळलात तर सापडतील.

उलट दिशेनं नवी नावंही येत आहेत. भारतातल्या जातींवर एम. के. जनार्दनम आणि ए. एन. हेन्री यांचा ग्रंथ १९९२ मध्ये आला. त्यानंतर २००० मध्ये शिवाजी विद्यापीठातले श्रीरंग यादव आणि सहकाऱ्यांनी द्वीपकल्पीय भारतातून दोन नव्या जातींचं वर्णन केलं. त्यांतली एक जनार्दनम यांच्या नावानं आहे. तेव्हा सगळं शोधून झालं असं मुलांना सांगू नका. पाटणचे सडे, चाळकेवाडीचं पठार, शिराळ्यातून चांदोलीकडं चढत जाणारे कातळ इथं कासच्या मानानं डोळे फार कमी फिरले आहेत. जत-आटपाडीकडं मात्र सड्यावरच्या जाती शोधायला जाऊ नका, तिकडं तसा पाऊसच नाही.

शाळेत दाखवायला सड्यावरची जात लागतही नाही. पावसाळा सरताना जुन्या तळ्यात किंवा खाणीच्या डबक्यात पाण्यावर पिवळी फुलं उभी दिसली आणि खाली पिंजलेल्या हिरव्या धाग्यांचा गुंता असला, तर ती तरंगणारी जात. फुलाच्या दांड्यावर फुगीर तरंड्यांचं कडं असेल तर स्टेलॅरिस, तरंडे नसून रोप मोठं असेल तर बहुधा ऑरिया, आणि अगदी नाजूक, एका दांड्यावर दोन-चारच फुलं असतील तर गिब्बा. बोटभर तुकडा त्याच तळ्याच्या पाण्यासकट बरणीत आणा. नळाचं पाणी नको. पाण्याबाहेर उचलताना कान जवळ न्या. सापळे सुटून हवा आत ओढतात तेव्हा बारीक तडतड ऐकू येते. मग बशीत पाणी घालून तुकडा पसरवा आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकाच्या सर्वांत कमी ताकदीच्या भिंगाखाली ठेवा. पिशव्या, दार, केस आणि आतले पाणपिसवा सगळं दिसेल. दोन-तीन दिवसांत पाहून झालं की तुकडा आणला त्याच तळ्यात परत सोडा. दुसऱ्या तळ्यात नको, कारण तुकड्यापासून नवं रोप होतं आणि गिब्बासारखी जात नव्या पाण्यात झपाट्यानं पसरते.